डोंगराचं वैर डोंगराचंच राहू दे

पुणे

प्रिय मुली,

तुझं टिपण नीट वाचलं. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीतलं एकूणएक संकट तू सॉरॉन या मुख्य खलनायकाच्या नावावर लावलं आहेस. काराध्रास डोंगरावरचं वादळ, मोरिया या भुयारी नगरीच्या दारापुढच्या तळ्यातला प्राणी, शेलॉब ही अजस्र कोळीण, थडग्यातली भुतं, सगळ्यामागे तोच. मेहनत दिसते. पण वाद जिंकायच्या घाईत ते जगच तू आक्रसून टाकलंस, आणि ते मला मनापासून खटकलं.

काराध्रासपासून सुरुवात करू, कारण साक्षीपुरावा तिथेच सगळ्यात जास्त आहे. २००१ सालच्या सिनेमात सारुमान हा फितूर जादूगार मनोऱ्यावर उभा राहून मंत्र म्हणतो आणि डोंगर अंगावर येतो. तुझ्या मनात तेच चित्र ठसलंय, हे टिपणावरून कळतं. १९५४ च्या पुस्तकात सारुमान या प्रसंगात नाहीच. सॉरॉनची ताकद सामावलेली अंगठी नष्ट करायला निघालेली आणि बर्फात अडकलेली मंडळीच आपसात वाद घालतात. बोरोमिर या योद्ध्याला शत्रूचा संशय येतो, कारण सॉरॉन वादळं हाकतो अशी त्याच्या मुलखात बोलवा आहे. गिमली हा बटू (ड्वार्फ) म्हणतो, इतक्या दुरून बर्फ इथवर आणायचा तर त्याचा हात चांगलाच लांब झाला म्हणायचा. जादूगार गँडाल्फ उत्तरतो, झालाच आहे. हे तुझ्या बाजूचं सगळ्यात भक्कम वाक्य, आणि नेमकं तेच तू घेतलं नाहीस! पुढे वाऱ्यातून किंकाळ्या येऊ लागतात, दगड कोसळतात. तेव्हा त्यांच्यातलाच ॲरागॉर्न सांगतो की दोन पायांवर चालणाऱ्यांचा दुस्वास करणारं या जगात पुष्कळ काही आहे, ते सगळंच सॉरॉनच्या गोटातलं नाही, आणि त्यातलं काही तर त्याच्याहूनही जुनं आहे. गिमली भर घालतो: सॉरॉनचं नावही या भागात पोचलं नव्हतं तेव्हापासून हा डोंगर क्रूर म्हणून बदनाम आहे.

यातला प्रत्येकजण कुठून बोलतो तेही बघ. बोरोमिरचं राज्य सॉरॉनच्या मॉर्डोर मुलखाला लागून, त्याचा जन्म त्या एकाच शत्रूशी लढण्यात गेलेला. त्याला ढगातही तोच दिसणार. गिमलीच्या पूर्वजांनी याच डोंगरांच्या पोटात घरं केली, तो डोंगराला नावानिशी ओळखतो. माघार घेताना शेवटचा माणूस पार होतो न होतो तोच मागे दगडबर्फाची दरड येते, आणि गिमली थेट डोंगरालाच ओरडून सांगतो की पुरे कर, निघालोच आहोत आम्ही. मला ही जागा फार आवडते. आपल्याकडचा शेतकरी बांधावरच्या म्हसोबाशी याच आवाजात बोलतो. प्रकरण संपवताना निवेदक स्वतः म्हणतो की काराध्रासने त्यांना हरवलं. एवढ्याने निकाल लागत नाही, सिंहगडाच्या वाटेवरून परत फिरलेल्याबद्दलही आपण असंच म्हणू. पण पारडं झुकतं.

खरं तर हे मराठी वाचकाला कळायला अवघड जाऊ नये. विहिरीतल्या आसरा, शिवेवरचा म्हसोबा, रानात वाट चुकवणारा चकवा, यांचा कुणी एक धनी नाही. ज्याची त्याची हद्द, ज्याचा त्याचा राग, ज्याचा त्याचा नैवेद्य. लॉ कॉलेज रस्त्यामागची टेकडी चढून वेताळाच्या देवळापर्यंत एकदा जा. भुतांचा राजा म्हणून ज्याची धास्ती, त्यालाच राखणदार मानून लोक हात जोडतात. तो कोणत्या पक्षाचा, असं तिथे कुणी विचारत नाही.

पडद्यामागे हात कधीच नसतो, असं मात्र मी म्हणत नाही. थडग्यातल्या भुतांपुरता तुझा मुद्दा पक्का आहे. महामारीनंतर ओस पडलेल्या त्या थडग्यांत अँगमारच्या राज्याकडून दुष्टात्मे येऊन राहिले, असं परिशिष्टात लिहिलंय, आणि अँगमारचा राजा म्हणजे सॉरॉनचाच सरदार. ही साखळी कडी कडी जोडून दाखव. शेलॉबचं तसं नाही. ती खिंडीत बसते, सॉरॉनची आयती राखण होते, तो तिला आपली मांजर म्हणतो, पण ती त्याला धनी मानत नाही. ज्याचा फायदा झाला त्यानेच हुकूम दिला, हे गृहीत तुझ्या टिपणात पानोपानी आहे. ते काढ. आणि मोरियातला अग्निराक्षस बॅलरॉग? बटूंनी मिथ्रिल या मौल्यवान धातूसाठी फार खोल खणलं म्हणून तो जागा झाला. तिथे हात शोधायचाच तर आधी कुदळीवरचा शोध.

शनिवारवाड्याच्या गावात वाढलेल्या मुलीला हे वेगळं सांगायला नको. ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी नारायणरावांना मारलं. हुकूम कुणाचा, याच्या उत्तरादाखल लोकांना आनंदीबाईंची गोष्ट तोंडपाठ असते. रामशास्त्र्यांनी चौकशी करून दोष ठेवला तो राघोबादादांवर. तू रामशास्त्र्यांसारखी वाच.

हे सगळं मी इतकं लावून धरतोय त्याचं कारण आहे. सगळी संकटं सॉरॉनची असतील, तर अंगठी वितळली की ते जग कायमचं निर्धोक व्हायला हवं. पण त्यानंतर काराध्रास वाटसरूंना सुखाने जाऊ देईल, असं तुला वाटतं का? मला नाही वाटत. अंगठी वाहून नेणाऱ्या फ्रोडोचा विजय त्यामुळे लहान होत नाही. त्याने जगातलं एक वैर संपवलं, आणि तेवढ्यासाठी त्याने काय मोजलं ते तुला ठाऊक आहे.

रविवारी येताना फक्त तळ्यातल्या प्राण्यावर लिहून आण. तो सगळ्यांना सोडून आधी फ्रोडोलाच धरतो. हे गँडाल्फच्या लक्षात येतं, पण तो बोलून दाखवत नाही. योगायोग, अंगठीची ओढ, की कुणाची आज्ञा? तिन्ही बाजू सारख्याच ताकदीने मांड. आणि लिहिण्याआधी ती पानं पुन्हा वाच: पाण्यात दगड भिरकावणारा पुस्तकात बोरोमिर आहे, सिनेमात दुसरेच.

तुझे,
सर