उघड्या आतड्यांची सूज
प्रश्न : सुनेच्या बाळाची आतडी जन्मतः बेंबीशेजारच्या छिद्रातून बाहेर होती. शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले, तरी त्याला दूध पचत नाही. असे का? (एक आजी, ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : आपल्या नातवाचा विकार गॅस्ट्रोस्कायसिस असावा. यात आतड्यांवर आवरण नसल्याने ती गर्भजलात उघडी राहून सुजतात, जाड होतात आणि पोटात परत बसवल्यावरही त्यांची हालचाल कित्येक आठवडे मंद राहू शकते. तोवर शिरेतून पोषण देतात. केवळ या विलंबाने खचू नका. सुनेला मात्र नियमित दूध काढून ठेवायला सांगा, कारण आतड्यांच्या गंभीर दाहाचा धोका आईच्या दुधाने कमी होतो. हिरवी उलटी, फुगलेले पोट किंवा शौचात रक्त दिसल्यास, घरी आल्यानंतरही, बाळाला तत्काळ बालशल्यचिकित्सकांकडे न्यावे.