पहिली स्टीरिओ यंत्रणा: खर्च कोठे करावा?

प्रश्न: मर्यादित पैशांत घरी पहिली चांगली स्टीरिओ यंत्रणा उभी करायची आहे. अधिक खर्च ॲम्प्लिफायरवर करावा की स्पीकरवर?

उत्तर: निःसंशय स्पीकरवर, कारण आवाजातला सर्वांत मोठा फरक तेथेच पडतो. वापरलेली जोडी घेण्यास हरकत नाही; मात्र आधी जाळी काढून वूफरच्या (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या शंकूच्या) कडेची फोमची किनार बोटाने हलकेच दाबून पाहावी, आणि ती भुसभुशीत लागली तर ती जोडी सोडून द्यावी. वॅटच्या आकड्यांना भुलू नये, कारण शक्ती दुप्पट केली तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. महागड्या वायरींचा विचारही नको. दोन्ही स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा, ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारे छोटे भाग) कानाच्या उंचीवर असावेत; स्पीकर भिंतीला चिकटवले की खर्ज फुगतो आणि गायकाचा गळा, ज्यासाठी हा सारा खटाटोप, त्यात बुडून जातो.