प्रश्न: ‘गेट’ या इंग्रजी क्रियापदाचे एकूण किती अर्थ आहेत आणि ते लवकर पाठ कसे करावेत?

पाठ करू नका. मी केला होता, एकच. तो कसा अंगाशी आला ते सांगतो.

आमच्या मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून. सर छडीने टेबलावर ठेका धरायचे आणि आम्ही कोरसमध्ये ओरडायचो, ‘गेट, गॉट, गॉट, गेट म्हणजे मिळणे.’ दहावीपर्यंत एवढंच. पुढे आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलं आणि भोसरी एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो. साहेब चेन्नईचे. मराठी त्यांना येत नव्हतं, हिंदी माझ्याहून कच्चं, त्यामुळे सगळा कारभार इंग्रजीत.

नाइट शिफ्टला कन्व्हेयरची मोटर सारखी ट्रिप होत होती. साहेबांना घरी फोन लावला. ओव्हरलोड रिलेचं (जास्त करंट गेला की मोटर बंद पाडतो तो) सेटिंग बघ, मोटरच्या नेमप्लेटवर किती अँपिअर लिहिलेत ते बघ, दोन्ही जुळव आणि रीसेट दाब, असं त्यांनी नीट सांगितलं. हे सगळे शब्द आमच्या रोजच्या वापरातले, म्हणून मला कळलंही होतं. शेवटी त्यांनी विचारलं, ‘गॉट इट?’

मी इकडंतिकडं बघितलं. काय मिळायचं होतं? बहुतेक नवा रिले. म्हटलं, ‘नो सर. नॉट येट.’

त्यांनी शांतपणे पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ‘नाउ, गॉट इट?’

‘नो सर. स्टोअर क्लोज्ड.’

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. तिसऱ्यांदा त्यांनी बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं, आणि मी त्यांना धीर दिला, ‘टुमारो मॉर्निंग आय विल गेट, सर.’ रात्री साडेअकराला ते स्कूटरवरून आले, हेल्मेटसुद्धा न काढता स्क्रूड्रायव्हरने एक नॉब फिरवला, बटण दाबलं आणि लाइन चालू. दोन मिनिटांचं काम. स्टोअरकीपरला हे कळल्यावर माझं नाव ‘नॉट येट’ पडलं. नोकरी सोडतानाच्या केकवरही तेच लिहिलं होतं.

तर, किती अर्थ? मोजून काही हाती लागत नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ या एका क्रियापदाचे ४३० अर्थ दिलेत. इंग्रज तरी ते पाठ करून बसलाय का?

आपलं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, दार लागतं, पोर रडायला लागतं, अमका माझा मामा लागतो. फलाटाला एसटी लागते ती वेगळी आणि घाटात लागते ती वेगळी. यातलं काय तुम्ही पाठ केलं होतं? शेजारचा शब्द बघून कळतं ना? गेटचंही तसंच. पुढे वस्तू आली तर मिळणं किंवा आणणं. जागा आली तर पोचणं: गेट होम. विशेषण आलं तर तसं होणं: गेट वेट, भिजणं. क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर आपल्यावर काहीतरी ओढवणं: गॉट कॉट, पकडला गेला. मध्ये वस्तू आणि मग तिसरं रूप, म्हणजे दुसऱ्याकडून करवून घेणं. आणि साहेब ‘गॉट इट?’ म्हणाले तर कळलं का, एवढंच.

आमचे दाजी इंग्रजीचे क्लास घेतात. ‘गेटचे ५१ अर्थ’ अशी लॅमिनेट केलेली शीट ते पन्नास रुपयांना विकतात. गेली सहा वर्षं दर दिवाळीला आमचा यावरून वाद होतो. त्यांचं म्हणणं, पाया पक्का पाहिजे. माझं म्हणणं, माझा पाया पक्काच होता, म्हणून तर साहेबांना रात्री स्कूटर काढावी लागली.

अर्थात मी काही मास्तर नाही. गेट ओव्हर, गेट अवे विथ असली जोडपी लक्षातच ठेवावी लागतात, तीही वाक्यात. स्पर्धा परीक्षा देत असाल तर दाजींची शीट घ्याही. आणि ऑफिसच्या पत्रात गॉटऐवजी रिसीव्ह्ड लिहा, ते बरं दिसतं.

गेल्या भाऊबीजेला भाच्याला विचारलं, ‘आय गॉट माय बाइक रिपेअर्ड, तर बाइक कुणी दुरुस्त केली?’

‘तू, मामा.’

मी दाजींकडे बघितलं. दाजी म्हणाले, ‘ते चौतिसावं आहे. अजून आम्ही विसापर्यंतच आलोय.’