सीमान्त उपयोगिता समान, पण कशामागे?

विचारणा अशी आहे : "बारावीच्या अर्थशास्त्राच्या टिपणात एक वाक्य सापडलं : ‘सर्व वस्तूंची सीमान्त उपयोगिता समान झाली की उपभोक्त्याला महत्तम समाधान मिळते.’ यातला सीमान्त आणि ‘सीमांत शेतकरी’ मधला सीमांत एकच का? उपयोगितेच्या जागी उपयुक्तता लिहिलं तर चालेल का? आणि वाक्य बरोबर आहे का?"

मराठी म्हणून वाक्याला नाव ठेवायला जागा नाही. अर्थशास्त्र म्हणून मात्र त्यातून दोन शब्द गळले आहेत : ‘दर रुपयामागे’. हे दोन शब्द नसले तर वाक्य नुसतं अपुरं राहत नाही, चुकीचं होतं.

आधी सीमान्त. लग्नातलं सीमान्तपूजन आठवा. वऱ्हाड गावाच्या शिवेवर पोचलं की तिथे नवरदेवाची पूजा. सीमान्त म्हणजे हद्दीचा शेवट. अर्थशास्त्रातही तो ‘सर्वात कमी’ या अर्थी येत नाही, ‘जिथे आपण थांबलो तिथला शेवटचा नग’ या अर्थी येतो. बांगड्याचे दोन वाटे घेऊन ७० एकक समाधान मिळालं आणि तिसऱ्याने एकूण ९० झालं, तर तिसऱ्याची सीमान्त उपयोगिता २०. पुरेसं होईपर्यंत एकूण आकडा वाढतच असतो, वाढीचा वेग मंदावतो. ‘सीमांत शेतकरी’ मध्ये शब्द तोच, पण छटा निराळी : एक हेक्टरपर्यंत जमीन असलेला, म्हणजे काठावरचा. तो अर्थ इथे आणला की विद्यार्थी ‘सीमान्त उपयोगिता म्हणजे क्षुल्लक उपयोगिता’ असं लिहून मोकळा होतो. हापूसच्या पहिल्या फळाची सीमान्त उपयोगिता क्षुल्लक म्हणणारा कोकणात तरी सापडायचा नाही.

आता गळलेले शब्द. मालवणच्या किंवा वेंगुर्ल्याच्या मासळीबाजारात ६०० रुपये घेऊन कुणी गेलं असं धरू. बांगड्याचा वाटा १०० रुपये, कोळंबीचा २०० (भाव आणि पुढचे आकडे हिशेबापुरते मानलेले). बांगड्याच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वाट्याची उपयोगिता अनुक्रमे ४०, ३०, २०, ८. कोळंबीची ९०, ६०, ३०. प्रत्येक आकड्याला त्या त्या भावाने भागून शंभर रुपयांमागचा हिशेब काढला, तर बांगडा ४०, ३०, २०, ८ आणि कोळंबी ४५, ३०, १५. आता मोठ्या आकड्यापासून उचलत जायचं : कोळंबीचा पहिला वाटा, मग बांगड्याचे दोन, मग कोळंबीचा दुसरा. ६०० संपले. एकूण उपयोगिता ९० + ४० + ३० + ६० = २२०. सगळे पैसे कोळंबीवर घातले असते तर १८०. चार वाटे बांगडे आणि एक कोळंबी घेतली असती तर १८८.

शेवटच्या वाट्यांकडे बघा. कोळंबीची सीमान्त उपयोगिता ६०, बांगड्याची ३०. समान कुठे आहे? समान आहे ती शंभर रुपयांमागची : दोन्हीकडे ३०.

ही चूक कागदावरच राहते असंही नाही. कोळंबी ३०० रुपयांवर गेली असं समजा. शंभरामागे ती आता ३०, २०, १०. नीट हिशेब करणारा बांगड्याचे तीन वाटे आणि कोळंबीचा एक घेतो : एकूण १८०. भाव न बघता नुसते ९० आणि ६० हे मोठे आकडे बघणारा कोळंबीचे दोन वाटे उचलतो, ६०० रुपये संपतात आणि समाधान १५० वर अडकतं. शिवाय बघा, भाव वाढताच कोळंबीची मागणी दोनावरून एकावर आली. मागणीचा वक्र खाली का उतरतो याचं ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलच्या पद्धतीचं उत्तर ते हेच.

बाजारात दोन्ही बाजू तंतोतंत समान मात्र क्वचितच होतात, कारण अर्धा वाटा कुणी देत नाही. म्हणून व्यवहारात नियम असा वाचावा : पुढचे शंभर रुपये जिथे जास्त देतात तिथे घाला, पैसे संपले की थांबा. ‘वर एक बांगडा टाक गो’ म्हणून घासाघीस केली, तर वाट्याचा खरा भाव उतरतो आणि सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. पुस्तक भाव स्थिर धरतं ते या कटकटीमुळेच.

आणखी एक अडचण आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, खरेदीची. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणून मे महिन्यात सुकट, सोडे, बोंबील भरून ठेवतात. सुकटीचा तिसरा किलो घेणाऱ्याला घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम (पुढच्या प्रत्येक नगाने मिळणारं समाधान कमी होत जातं) लागू नाही का? आहे, पण नियमात सातत्याची अट आहे : नग एकामागोमाग, खंड न पडता उपभोगायचे. तो तिसरा किलो जुलैत शिजणार, आणि जुलैतली सुकट ही मेमधल्या सुकटीहून वेगळी वस्तू धरावी लागते. एकजिनसीपणाची अटही अशीच : हापूसवर पायरी खाल्ली तर ते दुसरं फळ नव्हे, दुसरी वस्तू. शून्य सीमान्त उपयोगितेला मालवणीत नेमका शब्द आहे : ‘पुरो’. त्याच्याही पुढे आग्रह केला की उपयोगिता ऋण.

उपयोगिता की उपयुक्तता? इथे अदलाबदल नको. उपयुक्तता म्हणजे वस्तू हितकारक असणं. उपयोगिता म्हणजे गरज भागवण्याची शक्ती, मग ती गरज चांगली असो वा वाईट. तंबाखूला खाणाऱ्याच्या लेखी उपयोगिता आहे, उपयुक्तता नाही. होडीतलं लाइफ जॅकेट उपयुक्त आहेच, पण ज्याला ते नकोसंच वाटतं त्याच्या लेखी त्याची उपयोगिता शून्य. अर्थशास्त्राची उपयोगिता नीतीच्या बाबतीत तटस्थ असते ती अशी. रूप उपयोगिता, स्थल उपयोगिता, काल उपयोगिता हे याच शब्दाचे प्रकार. रातांब्याच्या साली रसात भिजवून वाळवल्या की आमसूल होतं, ती रूप उपयोगिता.

पण समाधानाला ४० किंवा ९० असे आकडे देता येतात का? वाद जुना आहे, आणि मराठी व्याकरण शिकलेल्याला सहज कळेल असा : उपयोगिता गणनावाचक (दोन, तीन) की क्रमवाचक (दुसरा, तिसरा)? जर्मन लेखक गोसेनने १८५४ मध्ये दर रुपयामागच्या समानतेचा हा नियम मांडला तेव्हा त्याच्या पुस्तकाकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १८९० मध्ये मार्शलच्या ग्रंथाने तो रुळवला, आकडे गृहीत धरूनच. १९३४ मध्ये हिक्स आणि ॲलन या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांनी नुसत्या क्रमावर काम भागतं हे दाखवलं. आमच्या उदाहरणात कोळंबीच्या एका वाट्यासाठी गिऱ्हाईक बांगड्याचे किती वाटे सोडायला तयार आहे एवढंच विचारायचं. उत्तर दोन, आणि भावांचं गुणोत्तरही दोन. समवृत्ती वक्र (सारखंच समाधान देणारे संच जोडणारी रेषा) अंदाजपत्रक रेषेला (हातातल्या पैशात बसणारे संच दाखवणारी रेषा) स्पर्श करतो तो बिंदू हाच.

‘महत्तम’ हा शब्द राहू द्या. मसावि (महत्तम सामाईक विभाजक) शाळेतून ओळखीचा आहे. ‘कमाल’ला मर्यादेचा वास येतो, जसं कमाल तापमान, कमाल जमीनधारणा. बोलताना ‘जास्तीत जास्त’ पुरतं.

लेखनाबद्दल : सीमान्त आणि सीमांत दोन्ही चालतात, ‘सिमांत’ नाही. महत्तममध्ये ‘त्त’ हवा. उपयोगी दीर्घ, पण उपयोगितामध्ये ‘गि’ ऱ्हस्व, कारण मूळ शब्द उपयोगिन्. ‘उपयोगीता’ छापील टिपणांतही सर्रास दिसतं, तिथे लाल पेन चालवा. आणि वाक्य असं करा : ‘दर रुपयामागे मिळणारी सीमान्त उपयोगिता सर्व वस्तूंच्या बाबतीत समान झाली की, दिलेल्या उत्पन्नात उपभोक्त्याला महत्तम समाधान मिळते.’