वडिलांची .३०३ रायफल: नळी बदलण्याआधी परवान्याचं बघा

प्रश्न: वडील निवृत्त लष्करी अधिकारी. त्यांची .३०३ ली-एनफील्ड रायफल गृह मंत्रालयाच्या परवान्यावर होती. काही महिन्यांपूर्वी ते वारले, रायफल घरातच आहे. काडतुसं मिळत नाहीत. एक कारागीर म्हणतो, 'नळी बदलून .३०८ करतो, नाहीतर .३१५ करतो, म्हणजे पीबीची (प्रोहिबिटेड बोअर, सामान्यांना प्रतिबंधित मापाचं शस्त्र) कटकटच संपली.' करून घेऊ का?

उत्तर: नका करू. आणि नळीचं नंतर बघू. आज तुमच्या घरात रायफल आहे आणि परवाना कुणाचाच नाही. वडिलांचा परवाना तुम्हाला आपोआप लागू होत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे रायफल आणि उरलेली काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. घरात ठेवणं हाच गुन्हा आहे, आणि पीबी असल्याने किमान सात वर्षं कैदेचा. जमा केली म्हणजे रायफल गेली, असं मात्र नाही. परवाना मिळाल्यावर ती परत मागता येते.

आता कारागिराकडे वळू. .३०८ ची सूचना तर अगदीच उफराटी आहे. .३०३ आणि ७.६२ मिमी ही लष्करी काडतुसं ज्या रायफलीत बसतात, ती पीबी. ७.६२ नाटोचं काडतूस .३०८ च्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या खोबणीत) बसतं, म्हणजे तुम्ही होता तिथेच राहिलात. शिवाय .३०३ च्या काडतुसाला बुडाशी कड असते, ७.६२ ला नसते, दाबही जास्त. इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने १९६० च्या दशकात ७.६२ ची रायफल काढली ती जुन्या रायफलींना नवी नळी जोडून नव्हे, तर जास्त मजबूत पोलाद वापरून नव्याने बनवून. जुन्या रायफलीचं काय होईल याची हमी कारागीर देणार आहे का?

.३१५ हे नागरी बोअर (नळीचं माप), म्हणून ते सुटकेसारखं वाटतं. पण कलम ५ नुसार शस्त्राचं रूपांतर करायलाच स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्रं दुरुस्त करण्याच्या परवान्यात ते काम बसत नाही. २०१९ च्या कायदादुरुस्तीने कलम ६ मध्येही भर पडली: शस्त्र नियम, २०१६ मधल्या एका श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत शस्त्र नेणं, तेही परवान्याशिवाय नाही. शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. कारागिराबरोबर, काम सांगणारा म्हणून, तुम्हीही त्यात ओढले जाल. नळी बदलताना खुणा किंवा क्रमांक गेला तर कलम ८ चा वेगळा गुन्हा.

म्हणून रायफल जमा केल्यावर शस्त्र नियमांतल्या नियम २५ खाली वारस म्हणून परवान्याचा अर्ज करा. मृत्यू दाखला, वडिलांचा मूळ परवाना आणि इतर वारसांचं ना-हरकत पत्र जोडा. बहीण-भावंडांशी आधीच बोलून घ्या. अर्ज बहुधा तिथेच अडकतो. पीबी असल्याने निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा नाही, केंद्रीय गृह मंत्रालयाचा आहे, तेव्हा वेळ लागेल. तुमच्या नावावर आधीच दोन शस्त्रं असतील तर तिसरं मिळणार नाही. परवाना आल्यावरही .३१५ च हवं असेल, तर लेखी परवानगी काढून रूपांतराचा परवाना असलेल्या उत्पादकाकडे जा, प्रूफ टेस्ट (नळी दाब सोसते का याची चाचणी) करून घ्या आणि परवान्यावर नवं बोअर नोंदवून घ्या.

विकायचं ठरलं तर घेणाऱ्याकडेही पीबीचाच परवाना हवा, तेव्हा गिऱ्हाईक लगेच मिळेल अशी आशा ठेवू नका.