केक कुस्करणारा आंधळा आणि आपला जासूद

प्रश्न असा: दिग्दर्शक फ्रिट्झ लांगचा १९४४चा 'मिनिस्ट्री ऑफ फिअर' पाहिला, दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्लंडमधला हेरपट. त्यातल्या नायकाला, स्टीफन नीलला, मराठीत हेर म्हणावं, गुप्तहेर म्हणावं की जासूस?

'गुप्तहेर' आधी बाजूला ठेवा. तो पिवळा पीतांबर आहे. हेर कधी गळ्यात पाटी अडकवून फिरतो का? वर आपण स्पाय आणि डिटेक्टिव्ह दोघांनाही याच एका पोत्यात कोंबतो. याच चित्रपटात रेनिट नावाचा बाटलीप्रेमी खासगी डिटेक्टिव्ह आहे आणि नाझींची हेरटोळीही आहे. दोन्हीकडे गुप्तहेर लावलंत, तर कोण कोणाच्या मागावर आहे हे मला समजावून सांगा. डबिंगमध्ये हे रोज ऐकून कान किटले आहेत.

'हेर' सोपा. हेरणे म्हणजे नजरेने टिपणे. हिंदीत हेरना, गुजरातीत हेरवुं, संस्कृत कोशांत हेरिक. संपलं.

मजा आहे ती जासूसमध्ये. मूळ अरबी 'जस्स', म्हणजे हाताने चाचपणे. हकीम मनगटावर बोटं ठेवून नाडी बघतो, तेही जस्सच. म्हणजे हेर डोळ्यांचा, जासूस बोटांचा! आता तो आगगाडीतला प्रसंग आठवा. अंडी-साखर रेशनवर असताना नीलने जत्रेत वजन ओळखायच्या स्पर्धेत अख्खा केक जिंकलाय. डब्यात समोर एक आंधळा. नील त्याला एक तुकडा देतो. आंधळा तो खात नाही, बोटांनी कुस्करतो. चुरा करत, चाचपत राहतो. केकमध्ये मायक्रोफिल्म आहे हे आपल्याला पुष्कळ पुढे कळतं, पण शब्दाची व्युत्पत्ती पडद्यावर तिथेच उलगडलेली असते. अर्थात गृहस्थ डोळस आहे. कौटिल्याने घराच्या आत पेरायच्या हेरांच्या सोंगांमध्ये कुबडा, मुका, बहिरा यांच्या जोडीला 'अंध' सांगून ठेवलाय. लांगने अर्थशास्त्र वाचलं होतं असं म्हणत नाही. सोंग मात्र तेच.

'जासूस परका, तो मराठीत नकोच' असं सांगणारे शुद्धिवादी भेटतात. त्यांनी सभासदाची बखर उघडावी. सुरतेची खबर आणणारा शिवरायांचा बहिर्जी तिथे 'जासूद' आहे. हाच तो अरबी जासूस, मराठी पगडी घातलेला. पुढे पेशवाईत जासूद म्हणजे मुख्यतः पत्रं पोचवणारा झाला, जासूद-हरकारे ही जोडी कागदोपत्री पडून आहे. चाचपणाऱ्याचा टपालवाला झाला. (गुजरातीत जासूद म्हणजे जास्वंद. त्याचा इथे संबंध नाही. तरी एका सद्‌गृहस्थांनी मला तो जोडून दाखवला होता, हेर कानाला फूल लावून ओळख पटवत म्हणे!)

पण स चा द झाला कसा? 'अपभ्रंश' एवढं म्हणून लोक हात झटकतात. हे उत्तर नव्हे, ही पळवाट आहे. मराठीत शेवटचा स सुखाने नांदतो: 'खास' बघा, 'नक्कल-नवीस' बघा, कुठे द झाला? माझा तर्क असा, की दोष शेजाऱ्याचा आहे. पत्र नेणारा तो 'कासीद', हाही अरबीच. कासीद आणि जासूस एकाच वाटेने, एकाच वाक्यात येत-जात. जोडीने बोलताना एकाचं शेपूट दुसऱ्याला चिकटतं. कासीदचा द जासूसला लागला, आणि द बरोबर कासीदचं कामही लागलं! अर्थबदल आणि ध्वनिबदल एकाच फटक्यात सुटतात. पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही, पण याहून चांगला खुलासा कोणी दिला तर मी माझा मागे घेईन. 'अपभ्रंश' हा खुलासा धरणार नाही.

अरे हो, नील. तो यातला कुणीच नाही. भविष्य सांगणाऱ्या बाईने चुकून त्याला आपला माणूस समजून केकचं वजन कानात सांगितलं, आणि त्याने ते जाऊन सांगितलं. त्याला 'नील' म्हणा.