आईला घेऊन दुबईला निघालाय? आधी औषधांचं बघा

छान, बिनधास्त जा. सुरुवातीला तीन-चार गोष्टी सांभाळल्या तरी पुरे.

सगळ्यात आधी औषधं. आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या बॅगेतच ठेवा, मूळ पाकिटात, आणि चार दिवसांच्या जास्तीच्या घ्या. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत टाकूच नका. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या, औषधाचं मूळ नाव लिहिलेली. ब्रँडचं नाव तिथे कुणाला कळेलच असं नाही.

आता नवखे हमखास चुकतात ते. घरात पडलेलं खोकल्याचं सिरप, गुडघेदुखीची गोळी सहज बॅगेत जाते. त्यात कोडीन किंवा ट्रामाडॉल (अफूच्या वर्गातली, सवय लावणारी औषधं) असेल तर यूएईत, म्हणजे दुबई ज्या देशात आहे तिथे, आधी परवानगी लागते. खसखशीवर तर तिथे बंदीच आहे, त्यामुळे घरचा काळा मसाला नेऊ नका, त्यात बऱ्याचदा खसखस असते. शेंगाचटणी आणि कडक भाकरी खुशाल न्या, आईचं पथ्यही सांभाळलं जाईल.

ऊन म्हणाल तर सोलापूरकरांना त्याचं काय, असं वाटतं खरं. पण आपला उन्हाळा कोरडा. तिथे समुद्राची दमट हवा, घाम वाळतच नाही, अंग तापत राहतं. दुपारी बाहेर पडू नका, ओआरएसची पाकिटं जवळ असू द्या.

प्रवास विमा काढताना आईचे जुने आजार लपवू नका, नाहीतर क्लेम अडकतो.

जेट लॅगची चिंता सोडा, फरक दीडच तासाचा आहे.